नाल्यात न सापडलेला माणूस

"अरे, गाडी इतकी जवळ, की ड्रायव्हरच्या मिशा मोजून घेतल्या असत्या!" शेजारच्या खुर्चीतला मोबाइल दुरुस्तीवाला सांगत होता आणि अख्खं सलून दात काढत होतं.

इंजिन ड्रायव्हर डोळे मिटून बसला होता. अर्ध्या गालावर फेस, अर्ध्यावर वस्तरा. आठ दिवसांनी तो दाढीला आला होता, तेही साहेबांपुढे माणसात दिसावं म्हणून. खिशात अर्ज होता. मला गोदामात टाका, फायली वाहायला ठेवा, पण इंजिनावर पाठवू नका. बारा वाजता तो द्यायचा होता. बायको सकाळपासून मागे लागली होती, "अहो, घाई करू नका. बावीस वर्षांची नोकरी आहे." घाई म्हणे! घाई त्या बंद फाटकाखालून घुसलेल्या मुडद्याला झाली होती.

गेल्या मंगळवारची गोष्ट. तेलगिरणीजवळचं फाटक, भरदिवसा सकाळचे दहा. फाटक बंद, भोंगा चालू, आणि एक पिवळा शर्ट बागेत फिरायला आल्यासारखा रुळांवर. वर वळून हात केला पठ्ठ्याने! ड्रायव्हरने ब्रेक लावला. पण भरलेली मालगाडी म्हणजे काय सायकल आहे, दाबला ब्रेक की टेकवला पाय? शेवटच्या काही पावलांत इंजिनाच्या नाकाखालचं काही दिसत नाही. शर्ट नाकाखाली गेला आणि ठप्प आवाज आला. गाडी पाऊण किलोमीटर पुढे जाऊन थांबली. तो आणि त्याचा असिस्टंट एकेका डब्याखाली वाकून बघत मागे आले. काही नाही. मग तो उडून रुळांलगतच्या नाल्यात पडला असणार, सगळे म्हणाले. पोलिसांनी दोन दिवस नाला ढवळला. तेव्हापासून घरात नुसतं दार आपटलं तरी ड्रायव्हरच्या हातातला घास गळून पडत होता.

"मग? पुढे काय झालं?" सलूनवाल्याने शेजारच्या खुर्चीकडे बघत विचारलं.

"काय व्हायचंय? मारली उडी पलीकडे! पाठीवरची सॅक तेवढी इंजिनाला लागली, ठप्प! पिवळा शर्ट झाडून थेट दुकानात. आणि पोलीस बिचारे दोन दिवस नाल्यात गळ टाकून बसलेले! मी काठावरून चहा पीत बघत होतो. म्हटलं, कशाला तोंड उघडा, उगाच दंड व्हायचा."

हसून हसून एकाला तर ठसका लागला.

ड्रायव्हर ताडकन उठला. वस्तरा गालाला चाटून गेला, रक्त आलं, त्याला पत्ताच नाही. त्याने मोबाइलवाल्याच्या कानाखाली अशी सणसणीत ठेवून दिली, की सगळ्यांचं हसू जागच्या जागी आटलं.

"अरे! कोण तुम्ही? तुमचं काय घोडं मारलं मी?"

ड्रायव्हरचा दुसरा हात वर गेला. आता आणखी एक बसणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तो हात मोबाइलवाल्याच्या खांद्यावरून, दंडावरून, बरगड्यांवरून फिरायला लागला. मग ड्रायव्हर खाली वाकला आणि त्याचे गुडघे चाचपून बघायला लागला.

"धडधाकट आहेस," तो म्हणाला. "नालायका, आठ दिवस रोज मारतोय मी तुला! रोज! आणि तू चहा पितोस?"

मोबाइलवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तो गाल चोळत दोन पावलं मागे सरकला.

"सॉरी हो काका. पण वाचलो ना मी? दुकान पलीकडे आहे माझं. फाटक वीस-वीस मिनिटं उघडत नाही. माणसाने करायचं काय?"

ड्रायव्हरने गळ्यातलं फडकं खुर्चीवर फेकलं आणि तसाच, अर्ध्या दाढीने घरी आला.

"अगं बाई, रक्त!" बायको धावली. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. रडता रडता हसली.

"जिवंत आहे! अहो, सुटलो आपण! आधी तो अर्ज फाडा बघू."

ड्रायव्हरने अर्ज काढला, टेबलावर सरळ केला आणि खाली सही ठोकली.

"आता तर देणारच," तो म्हणाला. "मेला असता तर एकदाच आडवा आला असता. हा उद्या पुन्हा येणार आहे."