पुदिन्याच्या गोळ्या

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पुदिन्याच्या गोळ्या सकाळीच संपल्या. गिरणीचा भोंगा होऊन गेला. हॅना क्रॉशॉने पाळणा खिडकीशी नेला, परत चुलीशी आणला, परत खिडकीशी. मागच्या अंगणात कुणीतरी कढत पाण्याची बादली आपटली.

आरोग्य खात्याची माणसं आली होती.

पद्धत साधी. एकाने बाहेर गटारात पुदिन्याचं तेल ओतायचं, वर कढत पाणी. दुसऱ्याने घरात, दारं-खिडक्या लावून, हुंगत उभं राहायचं. आत वास आला की जमिनीखालचा सांडपाण्याचा नळ फुटलेला, म्हणजे गटाराची रोगट हवा घरात. घरमालक दुरुस्ती करत नसे. दारावर ‘राहण्यास अयोग्य’ अशी नोटीस लागे आणि बिऱ्हाड रस्त्यावर येई. म्हणून लँकेशायरातली ती अख्खी गल्ली तपासणीच्या दिवशी गोळ्या चघळत बसे. वास कुठून येतो, कोण सांगणार?

गोळ्यांची पुडी शेजारच्या मिसेस शॉरॉकनी आणून दिली होती. आपण तर इन्स्पेक्टरच्या तोंडावरच श्वास सोडला, बिचारा शिंकत गेला, असं त्या हसत सांगून गेल्या. नवऱ्याने, वॉल्टरने, कामावर जाताना दोनदा बजावलं होतं की पोरींना गोळ्या दे आणि तू गप्प राहा.

इन्स्पेक्टर एन्टविसल खोलीच्या मधोमध उभे होते. दोन्ही पोरींचे गाल फुगलेले. हॅना पाळण्याभोवती फिरत होती. आत तान्ही फ्लॉरी झोपली होती.

“वास तर येतोय,” एन्टविसल कंटाळून म्हणाले. “पण या गल्लीत भिंतीसुद्धा गोळ्या खातात. नळ ठीक आहे असं लिहितो. चालेल ना, बाई?”

हॅनाने पोरींपुढे तळहात धरला.

“थुंका. दोघी.”

गोळ्यांसकट तिने त्यांना रस्त्यावर काढलं, दार लावून घेतलं आणि पाळणा बाजूला ओढला.

“आता इथे वाका, साहेब. फरशीपाशी. घाई करू नका.”

एन्टविसल गुडघ्यांवर बसले. बराच वेळ उठले नाहीत.

दुपारी नोटीस लागली. मिसेस शॉरॉकनी तोंड फिरवलं. वॉल्टर परतला तेव्हा भांडी गाठोड्यात बांधलेली होती. आता कुठे जायचं, एवढंच त्याने विचारलं. हॅना गाठ आवळत राहिली.

मागच्या उन्हाळ्यात गोळ्यांच्या जोरावर हाच नळ ठीक ठरला होता. त्यानंतर महिन्याभरात याच पाळण्यातला तिचा अर्नी घटसर्पाने गेला.