शाळेचा मळा

"बाई, पोरगी शाळेत शिकाले धाडली का निंदाले?" कडूबा वाफ्याच्या कडेलाच थबकले. "निंदनं तं घरी बी हाय. उद्यापासून नाई येनार ते."

विमलबाईंनी लिंबाला बांधलेल्या झोळीला झोका दिला. आत त्यांची तान्ही लेक होती. डोणगावच्या शाळेमागे मुलींना भाजीपाला लावायला शिकवायचा हट्ट त्यांचाच. शाळेतल्या मोठ्या मुली एकेक करून घरी बसल्या, तेव्हा बाई कुणाच्याही बापाशी भांडल्या नव्हत्या. ती हळहळ जात नव्हती. सातवीत आता कडूबांची अन्नपूर्णा तेवढी उरली होती.

"तिच्या वाफ्यातलं सगळं तुम्ही घरी न्या," बाई म्हणाल्या. "पण सातवी होऊ द्या. नवं राज्य झालंय, मास्तरणी लागणार आहेत."

कडूबांनी मेथीची जुडी उचलून हुंगली. "पाहू."

अन्नपूर्णा राहिली. दिवाळीनंतर वांगी लागली, मग गवार. कडूबा स्वतःच पिशवी घेऊन येऊ लागले.

संक्रांतीच्या सुमारास ते दुसरबीडच्या जनकाबाईंना घेऊन आले.

"आपला मळा पाहाले आल्या, बाई. लय नाव आयकलं म्हनते."

विमलबाईंनी घाईनं पदर सारखा केला. "हे सगळं अन्नपूर्णाचं बरं का."

"एकटीचं? पानी कोन शेंदते?" जनकाबाईंनी विचारलं.

"तीच. उजाडताच येते. सांगावं लागत नाही."

"अन् थकली का कुरकुर?"

"छे! कधीच नाही. अन्नपूर्णा, दाखव गं शेंदून."

पोरीनं भरलेली बादली न हिंदकळता आणली. जनकाबाईंनी तिचा तळहात उलटा करून घट्ट्यांवरून बोट फिरवलं.

"पहिले तं मले बादली बी उचलत नव्हती, मावशी," अन्नपूर्णा हसली. "बाईनं शिकवलं."

"दिसून राह्यलं, माय."

असा मोका पुन्हा यायचा नाही, असं विमलबाईंना वाटलं. पाहुण्यांसमोर कडूबा नाही म्हणणार नाहीत.

"मग आता करू द्याल ना हिला सातवी?"

कडूबांनी जनकाबाईंकडे पाहिलं. जनकाबाईंनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला आणि अन्नपूर्णाच्या कपाळाला बोट टेकवलं.

"आमच्या पोरासाठी, पुंजाजीसाठी, पोरगी पसंत हाय, कडूबा. बाईनंच एवढी खात्री देल्ली, आता घरी येऊन आनखी काय पाह्यचं?"