पिंजऱ्यातली मुलगी

कोंबडीने उजव्या पायाने डावी पोटरी खाजवली आणि खिडकीत उभ्या असलेल्या खरेदीप्रमुखांची खात्री पटली. आत आपलीच मुलगी आहे.

कोंबडी अर्थातच कापडाची होती. पांढरा फुगीर वेश, पायांत पिवळे मोजे, वर लाल तुऱ्याचं भलंमोठं डोकं. बिस्किटांच्या कारखान्यासमोर, रस्त्यापलीकडच्या फुटपाथवर तारेचा पिंजरा ठेवला होता आणि त्यात ती मान मोडून बसली होती. शेजारच्या फलकावर लिहिलं होतं : ‘तुमच्या केकमधलं अंडं इथून येतं.’ प्राण्यांचा छळ थांबवायला निघालेल्या एका संघटनेची ही मोहीम. कारखान्याने पिंजऱ्यात कोंबलेल्या कोंबड्यांची अंडी घेणं बंद करावं, मोकळ्या ठेवलेल्यांची घ्यावीत, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांचा नियम मात्र कडक होता. आत बसणाऱ्याने दिवसभर डोकं काढायचं नाही आणि कुणी काहीही म्हटलं तरी बोलायचं नाही. कोंबडीला कुठे बोलता येतं?

अंडी कुठून घ्यायची हे ठरवायचे खरेदीप्रमुख. तेव्हा मुलगी त्या संघटनेत गेल्यावर घरात जे व्हायचं तेच झालं. जेवताना ती म्हणाली, “बाबा, एकदा तरी कोंबड्यांच्या शेडमध्ये जाऊन बघा.” ते म्हणाले, “त्याच अंड्यांवर तुझं शिक्षण झालंय.” ती ताटावरून उठली आणि मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना सांगून गेली, “तुमच्या फाटकासमोर पिंजरा येणार आहे. त्यात मी बसणार.” तिच्या आईने दोघांनाही समजावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. दोघंही एकाच मातीचे.

पिंजरा आला तेव्हा खरेदीप्रमुखांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो बोटभर सारला. आज तर ते खुर्चीत बसलेच नव्हते. अभ्यास करतानाही ती अशीच पायाने पाय खाजवायची. बापाला ओळखायला चेहरा कशाला लागतो?

“साहेब, आज घातलं का हिने अंडं?” मागून हिशेबनीस म्हणाला. सगळं ऑफिस हसलं. असल्या विनोदांना कालपर्यंत खरेदीप्रमुखही हसत होते.

“कामं नाहीत का तुम्हाला?” ते खेकसले आणि जिना उतरून खाली गेले.

फाटकावरच्या वॉचमनला त्यांनी उगाचच विचारलं, “ही सारखी वाकूनच असते का?”

“उभं राहायला जागाच नाही ना साहेब. खऱ्या कोंबडीला तर याहून कमी असते म्हणे. त्यांच्या कागदावर लिहिलंय.”

ऊन चांगलंच तापलं होतं. संघटनेची बाकीची मुलं लांब सिग्नलपाशी गाड्यांना कागद वाटत होती. खरेदीप्रमुखांनी रस्ता ओलांडला, इकडेतिकडे पाहिलं आणि इस्त्रीच्या पँटीसकट फुटपाथवर बसकण मारली. आत कापडाखाली कुणीतरी धापा टाकत होतं. ते जाळीजवळ सरकले.

“आई रोज विचारते, दिसली का म्हणून,” ते हळूच म्हणाले. “मी ‘नाही’ म्हणतो.”

कोंबडीने डोकं त्यांच्याकडे वळवलं.

“नियम आहे ना तुमचा? नको बोलूस. ऐक फक्त. मी गेलो होतो शेडवर. फार पूर्वी. दारातूनच परत फिरलो. तिथल्या माणसाला म्हटलं, मला घाई आहे. कसली घाई आणि कसलं काय! आत जाऊन बघितलं असतं, तर पुन्हा तिथून अंडी घेता आली नसती. म्हणून नाही गेलो. तुला हे तेव्हाच सांगायला हवं होतं. उलट तुझ्यावरच ओरडलो.”

कोंबडीने मान हलवली. होकार होता की नकार, ते काही कळलं नाही. जाळीतून बाहेर आलेल्या कापडी पंखावर त्यांनी हात ठेवला. पंख घामाने ओला झाला होता. मग ते उठले, पँट न झटकताच आत गेले आणि थेट मालकांच्या खोलीत शिरले.

मालकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “ठीक आहे. पण उद्या केक महागला आणि गिऱ्हाईक तुटलं, तर गाठ तुमच्याशी. नोकरी जाईल.”

“चालेल,” खरेदीप्रमुख म्हणाले. इतकी वर्षं नाकासमोर चालणारा हा माणूस असं बोलू शकतो, हे त्यांचं त्यांनाच नवीन होतं.

पिंजऱ्याची अंडी बंद, असं लिहिलेला सहीशिक्क्याचा कागद घेऊन ते जवळजवळ धावतच फाटकाबाहेर आले. सिग्नलवरून पळत आलेल्या मुलांनी तो वाचला आणि एकच गलका केला. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी वॉचमनलाच मिठी मारली. पिंजऱ्याची कडी निघाली. खरेदीप्रमुखांनी स्वतः पुढे होऊन कोंबडीला हाताला धरून बाहेर काढलं, उभं केलं आणि ते जड डोकं दोन्ही हातांनी वर उचललं.

आत एक दाढीवाला मुलगा होता. घामाने निथळत होता आणि डोळे लाल झाले होते.

“माफ करा काका,” तो म्हणाला. “मध्येच सांगणार होतो. पण बोलायला बंदी, आणि तुम्ही तर... मला थांबवताच येईना.”

खरेदीप्रमुखांनी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मग एकेका चेहऱ्याकडे पाहिलं.

“माझी मुलगी कुठाय?”

मुलाने मान खाली घातली.

“ती इथे बसलीच नाही काका. पहिल्याच दिवशी दुसऱ्या गावच्या मोहिमेवर गेली. आम्हालाही चला म्हणत होती. म्हणाली, इथे वेळ घालवू नका, माझे बाबा काही बदलायचे नाहीत.”