चालेल

पहिल्या मजल्याच्या वळणावर स्ट्रेचर थांबलं. ॲम्ब्युलन्सवाल्या दोघांनी ते पोटाशी धरलं होतं आणि त्यावर आप्पा होते, छातीपर्यंत पट्ट्यांनी बांधलेले.

"कुठं न्यायचं ते एकदाच सांगा," पुढचा म्हणाला.

"सांगतो. निर्णय घाईत घ्यायचा नसतो," मधला मुलगा म्हणाला. निर्णय कसे घ्यावेत हे तो मोठमोठ्या साहेबांना शिकवायचा. "तिन्ही घरं एकदम डोक्यात घेतली की गोंधळ होतो. दोन-दोनच्या जोड्या लावू."

तीन मजले, तीन मुलगे. मजले आप्पांनीच बांधून दिलेले. तळमजल्यावर त्यांची स्वतःची खोली होती, पण ते दवाखान्यात पडून असतानाच तिथं मोबाइलचं दुकान आलं होतं.

"पहिला की दुसरा?"

"दुसरा," पहिल्यावर राहणारी थोरली सून म्हणाली. "आमच्याकडं वारं कुठं येतं? माणूस गुदमरायचा."

"चालेल," आप्पा म्हणाले. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यावर त्यांच्या तोंडात तेवढा एकच शब्द उरला होता. सुई टोचली तरी चालेल, जेवण आलं नाही तरी चालेल.

"बघा, त्यांनाही पटलं."

स्ट्रेचर दुसऱ्या मजल्यावर चढलं. मधल्याची बायको दार अडवून उभी होती. "दुसऱ्यापेक्षा तिसरा शंभर पटीनं बरा. आमच्यात पोरांचा नुसता धिंगाणा. आजारी माणसाला शांतता नको?"

"चालेल," आप्पा.

तिसऱ्या मजल्यावर धाकटी सून हसून पुढं आली. "माझी कधीच ना नव्हती हो. पण उद्या अपरात्री डॉक्टरकडं न्यायचं झालं, तर एवढे जिने? त्यापेक्षा पहिलाच बरा."

"चालेल."

स्ट्रेचर उतरलं आणि पुन्हा त्याच वळणावर येऊन थांबलं.

"अहो, आत्ताच ठरलं ना, पहिल्यापेक्षा दुसरा बरा?" थोरली सून फणकारली.

"साहेब, निघालो तिथंच आलो की," मागचा ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला.

"होतं असं. प्रत्येक मुद्द्याला वजन द्यायचं राहिलं," मधला म्हणाला.

"वजन आम्हाला विचारा. हात भरून आलेत."

मधल्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. "हवा, शांतता, जिने..."

"आणि माया?" थोरल्यानं विचारलं.

"माया तिन्ही घरांत सारखीच आहे. जे सगळीकडं सारखं, ते हिशेबात धरायचंच नसतं."

यावर कुणीच वाद घातला नाही.

मग धाकटा हळूच म्हणाला, "दवाखान्याच्या मागं ते केंद्र आहे ना, म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारं. वारं आहे, शांतता आहे. शिवाय लिफ्ट आहे."

सगळ्यांचे चेहरे उजळले. तिन्ही जावांचं लग्नानंतर पहिल्यांदाच एकमत झालं.

"तरी त्यांना विचारा बाई," थोरली म्हणाली. "मागाहून कुणी नावं ठेवायला नकोत."

मधला स्ट्रेचरवर वाकला. "आप्पा, तिकडं ठेवू या तुम्हाला? चालेल?"

आप्पांनी ओठ घट्ट मिटले.

"आप्पा? चालेल ना?"

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले.

"काहीच बोलत नाहीत," थोरला पुटपुटला.

"न बोलणं म्हणजे होकारच असतो," मधला म्हणाला. "घ्या हो खाली."

दोघांनी पाऊल उचललं, पण स्ट्रेचर हलेना. आप्पांच्या धड राहिलेल्या हातानं जिन्याचा कठडा धरला होता. मधला पुढं झाला आणि एकेक बोट अलगद सोडवायला लागला.

"हात आत घ्या, आप्पा. लागेल."