शाबूत पाय

“नवऱ्यानंच मारलं, असं लिहून टाका आप्पा, आन् मोकळे व्हा,” भाग्यश्री म्हणाली.

मच्छिंद्र आप्पांनी मुलीला शेजारी बसायला जागा करून दिली. ते इनामगावच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडावर बसून होते. खाली ऊस उभा होता. उसापलीकडं घोड नदी. भाग्यश्री सासरहून, दौंडहून, सकाळच्या एसटीनं निघाली होती. शिरूरच्या घरी न जाता ती सरळ इथं आली. आप्पा इथंच सापडतील, हे तिला ठाऊक होतं.

आप्पा शिरूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. धान्य मोजून झालं की ते घरी जुन्या काळातल्या खुनांच्या कादंबऱ्या लिहीत. पद्धत साधी होती. आधी त्या जागेवर जाऊन बसायचं. तिथली माणसं त्या काळी कशाला भीत होती, ते शोधायचं. भीती सापडली की खून सापडतो, असं ते म्हणत. खुनी मात्र ते स्वतः ठरवत नसत. सगळी गोष्ट ते बायकोला, सिंधूबाईंना, सांगत. सिंधूबाई भाकरी थापता थापता ऐकत आणि म्हणत, “त्या धाकट्या दिराला धरा. लई गोड बोलतोय मेला.” मग दीरच खुनी निघायचा.

शिमग्याच्या आधी सिंधूबाईंना ताप आला आणि त्यातच त्या गेल्या.

आप्पा आता लिहीत होते ती कादंबरीही त्यांच्यामुळंच सुचली होती. इनामगाव त्यांचं माहेर. लग्नाआधी या टेकाडावर सरकारी खोदकाम चालू होतं, तेव्हा त्या मातीच्या पाट्या उचलायला येत. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं निघाली होती. मेलेलं माणूस राहत्या घराच्या जमिनीतच पुरलेलं, आणि दोन्ही पावलं तोडलेली. मेलेलं उठून परत येऊ नये म्हणून, असं आप्पांनी त्यातून काढलं होतं. सिंधूबाईंनी वेगळंच काढलं होतं. “आमच्या गावात मेल्यावरबी बायांना हिंडू देत न्हाईत, बघा,” त्या म्हणाल्या होत्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या होत्या.

कादंबरी त्याच काळातली होती. एका कुंभाराची बायको मरते. तो तिला घरातच पुरतो, पण तिचे पाय तोडत नाही. शेजाऱ्यांना ते कळतं. गावचा म्हातारा चौकशीला बसतो. सगळं गाव एका तोंडानं म्हणतं, यानंच मारली. घाईनं पुरली, म्हणून रीत राहिली. गोष्ट इथवर आली होती आणि इथंच थांबली होती. शेवटचं प्रकरण होत नव्हतं.

“पुस्तक झालं की दौंडला येतो, असा शब्द दिलाय तुम्ही,” भाग्यश्री म्हणाली. “आखाड गेला, श्रावण गेला. आमच्या ह्यांनी तुमच्या खोलीला रंगबी दिला. प्रकाशकांचा बूथवर फोन आला हुता म्हणं. नवरा खुनी असंल तर दिवाळीला छापतो म्हणाले. मग आडलंय कुठं?”

“नवरा खुनी न्हाई.”

“मग कोण?”

“कोणीच न्हाई. तापानं मेली ती.”

भाग्यश्रीला हसू आलं. “अवो, खुनाच्या पुस्तकात खूनच न्हाई? लोक पुस्तक तोंडावर फेकून मारतील.”

आप्पा हसले नाहीत. ते टेकाडाची माती बोटांनी उकरत राहिले. भाग्यश्री त्यांच्याजवळ सरकून बसली. आईशिवाय यांचं पुस्तक पुरं होणार नाही आणि पुस्तक झाल्याशिवाय हे शिरूर सोडणार नाहीत, हे तिला कळत होतं. तिनं पदर खोचला आणि आवाज बदलला.

“बरं, आता मी विचारते, आईवानी. त्यानं मारलं न्हाई. मग पाय का तोडले न्हाईत? आळस केला?”

“न्हाई.”

“कुऱ्हाड सापडली न्हाई?”

“सापडली. हातात घेतली हुती. पुन्हा ठेवली.”

“का ठेवली? रगत बघून भ्याला व्हय?”

“तो भ्याला न्हाई, तिथंच तर सगळं हाय,” आप्पा म्हणाले. “साऱ्या गावाला एकच भीती. मेलेलं परत यील. त्या एकट्याला ती भीती नव्हती.” त्यांनी मुठीतली माती खाली सोडली. “त्याला ती परत यायला पायजे हुती. पायच तोडले तर चालत कशी यील?”

भाग्यश्रीनं आप्पांचा हात घट्ट धरला.

“आप्पा, हेच लिवा! हाच शेवट. प्रकाशक न्हाई म्हणला तर दुसरा बघू. आईनं ऐकलं असतं तर भाकरी करपली असती तिची. चला, उठा. आज लिवून काढा, उद्या सामान बांधू. परवा तुम्ही दौंडात.”

ती उठली. साडीची माती झटकली. आप्पांना उठवायला तिनं हात पुढं केला. आप्पा बसूनच राहिले. त्यांची नजर नदीकडं होती.

तिला वाटलं, एखादा धागा राहिला असेल. ती पुन्हा खाली वाकली.

“मग पुढं? आली का ती?”

“अजून न्हाई,” आप्पा म्हणाले. “म्हणून तर घर सोडता येत न्हाई.”