तिसऱ्या दुपारचं ताट

सून आताशा गुणगुणायला लागली होती. भांडी घासताना, पोरीची वेणी घालताना, अगदी कांदा चिरतानासुद्धा. नवरा जाऊन पुरती दोन वर्षं झाली नव्हती आणि बाईसाहेबांच्या गळ्यात गाणं! तिची सासू, घरातली थोरली, हिच्या कानात ते खड्यासारखं टोचायचं. त्यात तो धारवाला. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा, आता दर आठवड्याला दारात चाक फिरवत बसायचा.

"सुरी नुसती दाखवली तरी कांदा फाटतो आता," थोरली म्हणाली होती. "आणखी किती धार लावायची, सूनबाई? की तुला बघून त्याचं चाकच थांबत नाही?"

 सून कानापर्यंत लाल झाली.

तेही थोरलीने गिळलं असतं. पण परवापासून ताट भरलेलं परत येत होतं.

त्या घरात मेलेले नवरे जेवायला येत. भर दुपारी, जिवंत माणसांच्या आधी. ज्याचं ताट त्याच्याच बायकोने वाढायचं, त्याच्या खोलीत टेबलावर ठेवायचं, दार लावून आत उभं राहायचं आणि ताट रिकामं झालं की घेऊन बाहेर यायचं. जोवर ताट, तोवर बाई या घराची. दुसऱ्या पुरुषाचा विचार मनात आणायचा नाही. थोरली तीस वर्षं मागच्या खोलीत नवऱ्याचं ताट नेत होती आणि लख्ख करून बाहेर आणत होती. पोरगा गेल्यापासून सून पुढच्या खोलीत त्याचं ताट न्यायची.

ओळीने तीन दुपारी ताट भरलेलं राहिलं, तर चौथ्या सकाळी घरातलं सगळ्यात लहान माणूस उठत नाही. एकदा तसं झालं होतं. थोरली या घरात यायच्या आधी, तिच्या धाकट्या दिराचा पाळणा एका सकाळी हलायचा थांबला होता. आता सगळ्यात लहान माणूस म्हणजे सुनेची चार वर्षांची चिमी.

आज तिसरी दुपार होती. सकाळीच दूध नासलं. नुकत्या भाजलेल्या पावावर तो निवायच्या आत बुरशी चढली. थोरली मागच्या खोलीतून आपलं रिकामं ताट घेऊन आली, तर चिमी पुढच्या खोलीच्या दाराला कान लावून बसलेली.

"काय गं, काय ऐकतेस?"

"बाबा," चिमी म्हणाली. "त्यांना भूक लागलीय. लांबून म्हणतात, तू ये."

थोरलीने तिला उचललं. पोरीचे तळवे फरशीसारखे गार पडले होते. तिने तिला स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसवलं, अंगावर शाल टाकली, हातात खेळायला आमटीचा डाव दिला आणि पुढच्या खोलीचं दार धाडकन ढकललं.

खिडकीतून ऊन आत आलं होतं, तरी खोलीत श्वासाची वाफ दिसत होती. मेलेल्याच्या खुर्चीत सून बसली होती. हातात चमचा. समोर रस्सा, भाजी, पाव, सगळं जसंच्या तसं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि तोंडातला घास खाली जात नव्हता.

"ऊठ त्या खुर्चीतून!"

"ते येत नाहीत, आई." घास तिने कसाबसा फडक्यात काढला. "चार महिने झाले. त्यांना कळलं."

"चार महिने? मग ताट कोण संपवत होतं?"

"मी. आधी जायचं कसंतरी. आता दगड गिळल्यासारखं होतं. परवापासून एक घास उतरत नाही." तिने थोरलीचे पाय धरले. "मला काय हवी ती शिक्षा करा, आई. त्या माणसाला पुन्हा दारात उभं करणार नाही. पण माझ्या चिमीला वाचवा."

थोरलीने मागे हात नेऊन दाराला कडी घातली. मग सुनेला दंडाला धरून उठवलं, स्वतः खुर्चीत बसली आणि ताट पुढे ओढलं.

ती जेवायला लागली. घाई नाही, तोंड वाकडं नाही. प्रत्येक घासागणिक खुर्ची करकरत होती, जसं काही तिच्या मांडीवर एकेक माणूस येऊन बसत होतं. रस्सा संपला. भाजी संपली. शेवटी तिने पावाच्या तुकड्याने ताट पुसलं, आधी कडेकडेने, मग मधून, आणि तो तुकडाही तोंडात टाकला.

स्वयंपाकघरात डाव आपटल्याचा आवाज झाला. "आई गं, भूक!" म्हणून चिमीने भोकाड पसरलं.

सून ताटाकडे बघत राहिली. मागच्या खोलीतून रोज येणारं ताट अस्संच पुसलेलं असायचं. आधी कडेकडेने, मग मधून.

"आई... मामंजीसुद्धा?"

"ते पहिल्याच वर्षी उठून गेले. त्यांनाही कळलं होतं." थोरलीने पदराने तोंड पुसलं. "आता डोळे फाडून बघत काय राहिलीस? माझं ताट खायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी राहिले. तुझं खायला मी आहे. पोरीला उचल आणि चालती हो."