सात नोंदींची एक नोंद

युधाच्या नोंदी वाचून सेकारला सकाळी सकाळी हसू आलं. "दुरुस्त." "पुन्हा दुरुस्त." "आता खरंच दुरुस्त." सातव्या नोंदीत नुसतंच "हुश्श".

इंडोनेशियातल्या सेमारांगच्या त्या कचेरीत पाच जण मिळून एकच ॲप लिहीत होते. बाळाच्या लसीची तारीख जवळ आली की आईच्या फोनवर निरोप जायचा. कोडमधल्या प्रत्येक बदलाला नोंद जोडावी लागे, आणि ती कशी लिहायची ते सेकारनेच ठरवून दिलं होतं. पहिल्या ओळीत काय केलं, दुसरीत का केलं. कोणी केलं ते, म्हणजे बदल पाठवणाऱ्याचं नाव, कॉम्प्युटरच टिपायचा.

"म्बाक, काम चालतंय ना?" युधा आपल्या म्बाकला, म्हणजे ताईला, म्हणाला. "नोंदी म्हणजे काय सोयाबीनच्या तेम्पेचे काप आहेत, सगळे एका मापाचे हवेत?"

"सहा महिन्यांनी तुलाच कळणार नाही, कशाबद्दल हुश्श केलं होतंस ते."

तो हसत चहा आणायला गेला. सेकारने त्याचे सातही बदल आपल्याकडे ओढून घेतले, नोंदी पुसल्या, सगळ्यांचा मिळून एकच बदल केला. वर दोन नेटक्या ओळी लिहिल्या आणि पाठवून दिला. गेले तीन महिने ती हेच करत होती. पाळणाघरातून आलेले लेकीचे कपडेसुद्धा ती घड्या मोडून पुन्हा घालायची.

पुढच्या महिन्यात प्रमुख वेनिंगबाई, सगळ्यांच्या बू वेनिंग, यांनी सांगून टाकलं की सेकार आणि युधा, दोघांपैकी एकाचाच करार वाढेल. लेक आठ महिन्यांची, नवऱ्याची बोट समुद्रावर. नोकरी तर हवीच होती. तरी सेकार निर्धास्त होती. तिच्या कामात आजवर चूक निघाली नव्हती.

त्याच आठवड्यात चाळीस घरांना लसीचे निरोप महिनाभर उशिरा गेल्याचं उघड झालं. चूक तारखांच्या हिशेबात होती. तो भाग युधाचा. बू वेनिंग यांनी दोघांना समोर बसवलं. युधा मान खाली घालून बसला होता. सेकारला त्याची दयाच आली, पण चाळीस बाळांचा प्रश्न होता.

"आम्हाला विचारूच नका, बू," ती शांतपणे म्हणाली. "आम्ही काहीही सांगू. बदलांचा इतिहास उघडा. तिथे जे नाव निघेल, ते मान्य."

युधानेही मान हलवली.

बू वेनिंग यांनी चुकीची ओळ शोधली, तिची नोंद उघडली आणि मोठ्याने वाचली. काय केलं, का केलं, सगळं लख्ख.

"नोंद अशी असली की शोधायला वेळ लागत नाही," त्या म्हणाल्या आणि स्क्रीन दोघांकडे वळवली.

खाली बदल करणाऱ्याचं नाव होतं: सेकार.